येत्या ऑक्टोबरात बर्लिन नको: आरंभीच्या इस्लामचा अभ्यास करायला निघताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात इतिहासात एम. ए. झालंय, मोडी येते, फारसी कागद अडखळत का होईना वाचता येतात, आणि आता जर्मनीत, शक्यतो बर्लिनला, इस्लामच्या पहिल्या तीन शतकांचा अभ्यास करायचा आहे. विचार की कला हे ठरलेलं नाही. अरबी ‘तिथे गेल्यावर’ शिकणार. निघायचं येत्या ऑक्टोबरात.

येत्या ऑक्टोबरात निघू नका. व्हिसा मिळेलही, पण अरबीशिवाय जर्मनीतल्या एम. ए.ला प्रवेश मिळणं कठीण, आणि मिळालाच तर पहिल्या सत्रातच गाडी अडकते. जर्मनीतलं एम. ए. अरबी शिकवत नाही, ती येते असं गृहीत धरतं. बलाधुरी (मृत्यू 892) किंवा तबरी (मृत्यू 923) या अरबी इतिहासकारांची पानं स्वरचिन्हांशिवाय हातात ठेवतात आणि पुढच्या आठवड्यात वर्गात लावून दाखवायला सांगतात. बहुतेक ठिकाणी अर्जातच पदवीच्या पातळीवर अरबी किती शिकलात याचा पुरावा मागतात.

तुमच्या फारसीचा फायदा लिपीपुरता आणि ओळखीच्या शब्दांपुरता आहे. व्याकरण पार वेगळं. धातूपासून होणारी क्रियापदांची दहा रूपं, पाठच करावी लागणारी अनेकवचनं, विभक्तीचे न लिहिलेले स्वर, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. फारसी येणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे शब्दाचा फारसीतला अर्थ धरून वाक्य लावायचं. वाक्य बरोबर वाटतं आणि अर्थ भलताच निघतो. आठवड्याला आठ-दहा तास दिले तर दोन वर्षांत साधं ऐतिहासिक गद्य कोशाच्या मदतीने वाचता येतं. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे, हैदराबादला इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात आहे, दिल्लीत जेएनयूत आहे. प्रमाणपत्र विद्यापीठाचंच घ्या. खासगी वर्गाने भाषा आली तरी अर्जात वजन पडत नाही. बोली अरबीत वेळ घालवू नका, ती नंतर.

कोशांबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हान्स वेअरचा कोश आधुनिक लिखित अरबीचा आहे, नवव्या शतकासाठी अपुरा. जुन्या भाषेला एडवर्ड लेनचा कोश लागतो. पण लेन 1876 मध्ये वारला आणि शेवटच्या काही अक्षरांचं काम कच्चं राहिलं. ती पोकळी भरायला जर्मन विद्वानांनी अभिजात अरबीचा वेगळा कोश काढला, तो थेट ‘काफ’ अक्षरापासून सुरू होतो. म्हणजे ‘काफ’च्या पुढचा अवघड शब्द नीट शोधायचा तर जर्मन संदर्भ टाळता येत नाही. या विषयात असं पावलोपावली होतं. कुराणाच्या संहितेच्या इतिहासावरचं नोल्डेकेचं पायाभूत काम 1860 चं, मुअतझिला आणि इतर आरंभीच्या विचारपंथांवर योसेफ फान एस यांचे सहा जाडजूड खंड 1991 ते 1997 मधले, दोन्ही मुळात जर्मनमध्ये. इंग्रजी भाषांतरं आता आहेत, पण वर्गातली चर्चा मूळ पानांवर चालते.

तेव्हा जर्मनही आजपासूनच. जर्मन माध्यमाच्या एम. ए.साठी सहसा भाषापरीक्षा लागते: डीएसएच-2 किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत 4, म्हणजे साधारण सी1 ही वरची पातळी. मॅक्सम्युलर भवन पुण्यातच आहे. शून्यापासून सी1 ला नेटाने दीड-दोन वर्षं. दोन्ही भाषा एकदम सुरू केल्या तर पहिले सहा महिने डोक्यात खिचडी होते, म्हणून अरबी सहा महिने आधी धरा.

आता विषय. अर्ज करण्याआधी दोन नावांतला फरक नीट समजून घ्या. ‘इस्लामविसेनशाफ्ट’ म्हणजे इतिहास, भाषा, ग्रंथ यांचा बाहेरून केलेला चिकित्सक अभ्यास. ‘इस्लामी धर्मशास्त्र’ हा वेगळा अभ्यासक्रम. तो 2010 नंतर ट्युबिंगन, म्युन्स्टर, ओस्नाब्र्युक, फ्रांकफुर्ट अशा ठिकाणी उभा राहिला, मुख्यतः शाळांसाठी धर्मशिक्षक आणि मशिदींसाठी अभ्यासक तयार करायला. नाव नीट न वाचता दुसऱ्याला अर्ज करणारे दरवर्षी असतात. तुम्हाला पहिला हवा. भर फक्त ग्रंथांवर असेल तर ‘अराबिस्टिक’ (अरबी भाषा-साहित्याचा अभ्यास) सुद्धा चालेल.

शहर मात्र विद्यापीठाच्या नावावरून निवडू नका, साहित्य कुठे आहे ते बघा. हस्तलिखितांसाठी बर्लिन उत्तम. तिथल्या राज्य ग्रंथालयातल्या अरबी हस्तलिखितांची आल्वार्टने केलेली सूची 1887 ते 1899 मध्ये दहा खंडांत निघाली. नोंदी दहा हजारांच्या पुढे, आणि ती आजही पहिलं हत्यार आहे. कुराणाच्या जुन्या प्रतींची छायाचित्रं आणि वाचनं एकत्र आणणारा ‘कॉर्पस कोरानिकुम’ प्रकल्प बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमीने 2007 मध्ये सुरू केला. त्याचं बरंचसं काम पुण्यात बसून मोफत पाहता येतं. जाण्याआधीच पाहा, आवड खरी आहे की नाही ते तिथेच कळेल.

कला घ्यायची असेल तर एक अडचण आहे. बर्लिनचं पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर 2023 पासून बंद आहे. इस्लामी कला जिथे मांडायची आहे ती उत्तर बाजू 2027 मध्ये उघडण्याचं नियोजन आहे, आणि बांधकामाच्या तारखा पुढे सरकणं इथेही नवं नाही. अम्मानजवळच्या मश्त्ता राजवाड्याची कोरीव दगडी दर्शनी भिंत (33 मीटर लांब, ऑटोमन सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने 1903 मध्ये जर्मन कैसरला दिलेली) हाच प्रबंधाचा विषय असेल तर या तारखेवर सगळं अवलंबून. समारा (इराकमधली जुनी अब्बासी राजधानी) या तारखेवर तितकं अवलंबून नाही. झारे आणि हर्ट्सफेल्ड या जर्मन संशोधकांनी 1911 ते 1913 मध्ये तिथे उत्खनन केलं, पण पहिल्या महायुद्धानंतर त्यातला मोठा वाटा ब्रिटिशांच्या हाती पडला आणि अनेक संग्रहालयांत विखुरला गेला. हर्ट्सफेल्डचे बरेच कागद वॉशिंग्टनला आहेत. म्हणून समारावर काम करणाऱ्याने प्रवासाचा पैसा पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायचा.

नाण्यांसाठी ट्युबिंगन. पुण्याच्या इतिहासवाल्याला हा रस्ता सगळ्यांत जवळचा आहे असं माझं मत, कारण शिक्के वाचायची सवय हातात असते. उमय्यद खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी 77 मध्ये (696-97) चित्र नसलेला, फक्त मजकुराचा सोन्याचा दीनार काढला, वजन सुमारे 4.25 ग्रॅम. त्याआधीच्या इराणातल्या दिरहमांवर (चांदीच्या नाण्यांवर) इस्लामपूर्व ससानी राजाची छबी, पहलवी लिपीतलं नाव आणि कडेला ‘बिस्मिल्लाह’ असे अरबी शब्द. म्हणजे पहलवी आलीच, आणि तुमची फारसी तिथे लिपीलाही उपयोगी नाही. शिवाय ट्युबिंगन ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो शुल्क पडतं. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत अशी फी नाही, फक्त सत्राची वर्गणी. पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे जुने लेख) वाचायचे असतील तर म्युनिक. तिथे अरबी पपायरसांची माहिती-सूची चालते. बहुतेक पपायरसांवर नुक्ते (अक्षरांचे ठिपके) जेमतेम, त्यामुळे एकाच खुणेची ब, त, थ, न, य अशी पाच वाचनं संभवतात. हे शिकायला गुरूशेजारी बसावंच लागतं, घरबसल्या जमत नाही.

कार्बन-कालमापनाच्या आकड्यांवर प्रबंध उभारू नका. ट्युबिंगनच्या एका कुराणप्रतीचं कातडं 649 ते 675 मधलं निघालं. तो काळ जनावर मेल्याचा, लेखनाचा नव्हे. लिपी, पानाची मांडणी, शुद्धलेखन हे सोबत जुळावं लागतं.

आता कागद. क्रम चुकला की वर्ष जातं. आधी एपीएस: नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे पडताळणी प्रमाणपत्र लागतं, शुल्क 18,000 रुपये, आणि यायला आठवडे लागतात. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका हाताशी ठेवा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. मग युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत अर्ज, पहिल्याला 75 युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला 30. शेवटची तारीख विद्यापीठागणिक बदलते, म्हणून त्या अभ्यासक्रमाच्या पानावरचीच धरा. मग ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात) वर्षाचे 11,904 युरो, महिन्याला 992 सुटतात. विद्यार्थी दराचा सरकारी आरोग्य विमा महिन्याला साधारण 140-150 युरो, आणि तो तिशीच्या आतच मिळतो. तीस ओलांडली असेल तर हा आकडा आधी तपासा. बर्लिनमध्ये सामायिक घरातली खोली महिन्याला 500 ते 700 युरोंना, म्हणजे 992 मध्ये ओढाताण. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण भाषांच्या सत्रात तेवढं काम झेपत नाही.

खोली घेताना पत्त्याची नोंदणी करता येईल का हे विचारा. घरमालकाची लेखी पुष्टी मिळाली नाही तर नोंदणी होत नाही, आणि ती नसेल तर पुढे बँकेपासून निवास परवान्यापर्यंत सगळं रखडतं. ‘खोली आहे, नोंदणी नाही’ अशी जाहिरात स्वस्त दिसते, पण घेऊ नका.

प्राध्यापकांना ईमेल लिहाल तेव्हा ‘इस्लामचं सुवर्णयुग’ असा विषय टाकू नका, उत्तर येत नाही. एक साहित्यसंच, एक काळ, एक प्रश्न: ‘बसऱ्याच्या टांकसाळीची हिजरी 60 ते 75 मधली दिरहमं आणि राज्यपालांची नावं’ असं काहीतरी. तारखा दोन्ही सनांत द्या. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, त्यामुळे ते बहुतेकदा दोन इसवी वर्षांत पसरतं आणि 77/696-97 असंच लिहितात. एकच इसवी वर्ष टाकलं की वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच शंका येते. लिप्यंतर जर्मन प्राच्यविद्या संस्थेच्या पद्धतीने करा, इंग्रजी पद्धत मध्ये मिसळू नका. सोबत स्वतः केलेलं अर्ध्या पानाचं अरबी उताऱ्याचं भाषांतर जोडा, बलाधुरीतलं चालेल. तेवढं अजून जमत नसेल तर ईमेल पुढच्या वर्षी पाठवा.