जुन्या ओम्नीच्या प्लग वायरी आणि मॅनिफोल्डवरचा पत्रा घरच्या घरी बदलता येतो का?

तुमची १९९८ सालची कार्ब्युरेटरची ओम्नी देवगडच्या खाऱ्या हवेत उभी असते. पावसाळी सकाळी पहिला अर्धा तास ती मिसिंग करते, घाट चढताना पुढची सीट खालून तापते, मॅनिफोल्डवरचा, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळावरचा, उष्णता अडवणारा पत्रा खडखडतो आणि तीन नंबरच्या प्लगची वायर एका अंगाने कडक होऊन तडकलेली दिसते. गॅरेजवाल्याने ‘वायरी नव्या टाका आणि खडखडणारा पत्रा काढून फेका’ असे सांगितले आहे आणि हे काम स्वतः करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

करता येईल, पण पत्रा फेकू नका. वायर पावसाने मेलेली नाही. ती आधी भाजली गेली, भाजल्यामुळे तिचे रबर तडकले आणि त्या तड्यात मग दमट हवा व मीठ शिरले. वायर एकाच अंगाने कडक झाली आहे, यावरूनच ऊब कोठून येत होती ते कळते. पत्र्याविना नवा संच टाकलात, तर पुढच्या आगोटीला हाच प्रश्न पुन्हा विचाराल. हे मी अनुभवाने सांगतो. माझीही ओम्नी तुमच्याच पिढीची आहे, रत्नागिरीजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते, आणि एका गॅरेजात असाच सल्ला ऐकून मी तो पत्रा काढू दिला होता. नव्या वायरी जेमतेम वर्षभर टिकल्या. त्याहून वाईट म्हणजे आंब्याच्या हंगामात पेट्यांतला भाताचा पेंढा सीटखालच्या झाकणाच्या फाटक्या रबरातून आत गळला आणि उघड्या मॅनिफोल्डवर जाऊन धुमसला. वास आला म्हणून गाडी वेळेत थांबवली. या गाडीत इंजिन आपल्या बुडाखाली असते आणि कार्ब्युरेटरही तेथेच असतो, त्यामुळे तो पत्रा शोभेचा नाही. रबर फाटले असेल तर तेही याच वेळी बदलून घ्या.

सुरुवात पत्र्यापासून करावी आणि तोवर जुन्या वायरी जागेवरच राहू द्याव्यात. त्यांच्या क्लिपा सोडून त्या बाजूला सारल्या की पुरे. पान्याचा धक्का बसायचाच असेल तर तो जुन्या वायरींना बसू दे. बॅटरीची ऋण बाजू सोडा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

खरे कष्ट बोल्टांचे आहेत. मॅनिफोल्ड बिडाचे असते, बोल्ट लहान, १० नंबरच्या पान्याचे, आणि आपल्याकडे त्यांचे डोके गंजाने गोल झालेले असते. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने गंज झाडून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. बोल्ट सरळ सोडायला जाऊ नका. आधी किंचित आवळा, मग पाव फेरा सोडा, पुन्हा आवळा, असे करत करत बाहेर काढा. सुटणारा बोल्ट कुरकुरतो, तुटणारा कुरकुरत नाही. पाना एकाएकी मऊ लागतो, जणू बोल्ट वळतो आहे असे वाटते, आणि दुसऱ्या क्षणी डोके हातात येते. माझा दुसरा बोल्ट असाच गेला. पाना मऊ लागताच थांबावे आणि तेलाला आणखी एक रात्र द्यावी. गॅसची ज्योत लावून बोल्ट तापवण्याचा मोह मात्र पेट्रोलच्या एवढ्या जवळ मुळीच नको. तुटलाच, तर उरलेल्या बोल्टांवर पत्रा पक्का बसतो का ते पाहा. घरच्या ड्रिलने बिडात भोक पाडण्याच्या भानगडीत पडू नका, ते लेथवाल्याचे काम आहे.

पत्रा निघाला की मॅनिफोल्ड आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्या सांध्यावर टॉर्च मारून पाहा. तेथे काजळीचे काळे फराटे दिसले, तर गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणारी पट्टी, फुंकत आहे असे समजावे. तो धूर सीटखालूनच डब्यात येतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून आधी गॅस्केट, मग बाकीचे.

जुना पत्रा बोल्टाच्या भोकांपाशीच सडला असेल आणि बाकी धड असेल, तर मोठे वायसर घालून तो पुन्हा बसवता येतो. खडखडाट बहुतेक वेळा तेवढ्यानेच जातो. पूर्ण सडला असेल तर कंपनीचा नवा घ्यावा किंवा भंगारातल्या गाडीचा चांगला शोधावा. दोन्ही मिळाले नाहीत, तर पाऊण मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलचा करून घ्यावा. घराच्या छपराचा उरलेला जस्ताचा पत्रा कापून बसवण्याची कल्पना आपल्याकडे प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली होती. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते आणि घाटात मॅनिफोल्ड त्याहूनही तापू शकते. मुलामा जळून पांढरी भुकटी झाली, त्याचा धूर नाकात गेला आणि उघडा पडलेला पत्रा पुढच्या पावसाळ्यात गंजून गेला. पत्रा मॅनिफोल्डला टेकता कामा नये. मध्ये बोटाच्या जाडीएवढी हवा खेळली पाहिजे, कारण उष्णता अडवण्याचे निम्मे काम ती हवाच करते. नव्या बोल्टांच्या आट्यांना तांब्याची पेस्ट लावा, म्हणजे पुढच्या वेळी ते मुकाट्याने सुटतील.

वायरी त्यामानाने सोप्या. तीन प्लगच्या आणि एक कॉइलची (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागाची), अशा चारही एकदम बदला. सगळ्या एकाच वेळी उपटू नका. एक काढा, तिच्या लांबीची नवी तेथेच लावा आणि मग पुढचीला हात घाला, म्हणजे फायरिंग ऑर्डर (कोणत्या प्लगला कधी ठिणगी मिळते तो क्रम) पाठ असण्याची गरजच पडत नाही. वायर धरून ओढू नये, प्लगवरची रबरी टोपी धरून ती अर्धा फेरा पिळावी आणि मग उपसावी. मल्टिमीटर असेल तर नवी वायर लावण्यापूर्वी मोजून पाहा: कार्बनच्या गाभ्याच्या वायरीला दर मीटरमागे साधारण १० ते २० हजार ओहम विरोध दिसतो. आकडा स्थिर राहत नसेल किंवा वायर वाकवताच उडत असेल, तर ती नवी असली तरी परत करा. टोपीच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. खाऱ्या हवेत हा एवढासा उपाय फार उपयोगी पडतो. त्याच बैठकीत प्लगही पाहून घ्या, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. हेड अल्युमिनियमचे आहे, म्हणून प्लग आधी हाताने फिरवावा आणि पाना शेवटी लावावा. तिरका चढला तर आटे जातात. गाडीला गॅसचे किट असेल तर प्लग आणि वायरींकडे जास्तच लक्ष द्यावे, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा विजेच्या जास्त दाबाची ठिणगी लागते.

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप उघडल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नका. आतल्या पितळी टोकांवर हिरवी पूड चढली असेल तर खरवडून काढा, पण प्लॅस्टिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर कॅपच बदला. ती रेघ म्हणजे ठिणगीने पाडलेली पायवाट असते आणि दमट सकाळी ठिणगी त्याच वाटेने पळते. वायरी परत त्यांच्या क्लिपांत बसवा, एकमेकींना आणि पत्र्याला टेकू देऊ नका. क्लिप तुटली असेल तर नवी आणा. तुमची तीन नंबरची वायर लोंबकळून पत्र्याकडे गेली असण्याचा मला दाट संशय आहे.

रात्री अंधारात सीट उचलून इंजिन चालू करा आणि वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा अगदी हलका तुषार मारा, मॅनिफोल्ड वाचवून आणि हात दूर ठेवून. कोठे निळा धागा तडतडला नाही, तर वायरी ठीक बसल्या. पहिल्या फेरीत तेलाचा जळका वास येईल, तो थोड्याच वेळात जातो. पहिला घाट चढून आल्यावर गाडी थंड होऊ द्या आणि पत्र्याचे बोल्ट एकदा परत आवळा, कारण तापून निवल्यावर ते हमखास थोडे सैल होतात.