जिप्सम घेण्याआधी माती तपासा

प्रश्न : ताई, आमची दीड एकर भातशेती अलिबागच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठाला आहे. गेल्या पावसाळ्यात उधाणाने बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं. आता जमिनीवर पांढरं फुटलंय. दुकानदार म्हणतो, जिप्सम टाका. शेजारचे काका म्हणतात, पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात जा. तिथे दीड एकरवाल्याला कोण विचारणार?
— एक वाचक, ता. अलिबाग

उत्तर : काकांचं ऐका. ते केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे आणि तुमच्यासारख्या जमिनी हाच त्याचा विषय. खार सोसणारे 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' हे भाताचे वाण तिथलेच. तुमच्या आजोबांनी काळा रता, भुरा रता लावला असेल. तेही खार सोसणारेच.

जिप्समचे पैसे तूर्त खिशात राहू द्या. ते चोपण जमिनीचं औषध. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर जातो. तुमच्याकडे बहुधा समुद्राचं साधं मीठ आहे, ते पावसाच्या पाण्यात विरघळतं. पण हे माझ्या अंदाजावर सोडू नका, तपासून घ्या.

मी माती तपासण्यातच नोकरी काढली. लोक वरचा पांढरा पापुद्रा खरवडून पुडीत बांधून आणायचे. अहवाल बघून वाटायचं, शेत नव्हे, मिठागर आहे! तसं करू नका. पापुद्रा बाजूला सारा, वीतभर खोल खड्डा घ्या, शेताच्या आठ-दहा जागची माती एकत्र करा आणि सावलीत वाळवा. अहवालात सामू आणि क्षारता दोन्ही मागा. संपृक्त अर्कातली, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्यातली, क्षारता मीटरमागे ४ डेसीसायमनच्या (हे क्षारतेचं माप) वर गेली की जमीन खारी धरतात. मात्र बऱ्याच प्रयोगशाळा एका भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. तो आकडा बराच कमी येतो, त्याला ४ ची फूटपट्टी लावू नका. मोजलं कसं, ते विचाराच.

पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडा, मीठ विरघळू द्या आणि ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, सोडून द्या. असं जितक्या वेळा जमेल तितकं बरं. भाताचं रोप कोवळेपणी आणि फुलोऱ्यात खाराला हार जातं, मधल्या काळात बरंच तगतं. म्हणून रोपं गावाकडच्या गोड्या जमिनीत वाढवा, थोडी जून झाल्यावर लावा, आणि चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत, दोन काड्या जास्त घाला. कापणीनंतर पेंढा पसरून ठेवलात, तर उन्हाने खालचं मीठ वर चढणं कमी होतं.

खांड मात्र संशोधन केंद्र बुजवणार नाही. बांध सरकारी खारभूमी योजनेतला आहे की खासगी, ते आधी पाहा. सरकारी असेल तर खारभूमी विभागाकडे गावाचा मिळून अर्ज द्या, आणि तो उन्हाळ्यातच. पावसाच्या तोंडावर टाकलेली माती बांधावर ठरत नाही.