वाचकांचे प्रश्न : वॉरंटी संपली आणि लॅपटॉप बंद पडू लागला

प्रश्न : माझा लॅपटॉप तीन वर्षांचा आहे. वॉरंटी संपून दोनच महिने झाले आणि तो काम चालू असतानाच बंद पडू लागला. व्हिडिओ कॉलच्या वेळी किंवा मोठी फाइल उघडली की पडदा एकदम काळा होतो. दोनदा निळा पडदा आला, पण त्यावरचा मजकूर वाचायच्या आतच लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. सगळे पुसून विंडोज नव्याने टाकले, तरी फरक नाही. विंडोजच्या नोंदींमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ असे दिसले, म्हणून नवा चार्जर घेतला. त्याचाही उपयोग झाला नाही. दुरुस्ती करणारे आता मदरबोर्ड बदलायला सांगत आहेत. बदलावा का?
– एक वाचक

उत्तर : इतक्यात बदलू नका. मात्र पुढचे काहीही करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढून ठेवा, कारण दोष कशात आहे हे अजून ठाऊक नाही आणि तो साठवणुकीच्या ड्राइव्हमध्येच असला तर तपासण्यांच्या ताणाने तो पूर्णपणे निकामी होऊ शकतो.

‘कर्नल पॉवर ४१’ या नोंदीने तुमच्याप्रमाणेच अनेकांना चार्जर घ्यायला लावले आहे. नावात ‘पॉवर’ असले तरी ती विजेच्या दोषाची नोंद नाही. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर लिहून ठेवते. गोठलेला लॅपटॉप तुम्ही बटण दाबून धरून बंद केलात, तरी हीच नोंद पडते. उपयोगाची माहिती तिच्या आत असते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ती नोंद उघडून ‘डिटेल्स’ या भागात ‘बगचेक कोड’ म्हणजे चुकीचा क्रमांक पाहा. तिथे शून्य असेल, तर विंडोजला काही लिहिण्याची संधीच मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली, अतिउष्णतेमुळे यंत्राने स्वतःला बंद केले किंवा ते पूर्णपणे गोठले. शून्याव्यतिरिक्त आकडा असेल, तर विंडोजने चूक ओळखून स्वतःच काम थांबवले आहे. २९२ हा आकडा हार्डवेअरनेच कळवलेल्या चुकीचा, २७८ ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्सचे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) प्रतिसाद देईनासा झाल्याचा आणि २६ मेमरीच्या (रॅमच्या) व्यवस्थापनातील बिघाडाचा असतो. निळा पडदा नीट वाचता यावा यासाठी सिस्टिमच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ इथे आपोआप पुन्हा सुरू होण्याचा पर्याय काढून टाका आणि पडदा आला की मोबाइलने त्याचा फोटो घ्या.

विंडोज नव्याने टाकूनही दोष राहिला, यावरून हार्डवेअरचा संशय बळावतो, पण तो सिद्ध होत नाही, कारण विंडोज अपडेटने तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा आणून बसवलेला असू शकतो. यावर सोपी कसोटी अशी की, पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी कार्यप्रणाली घ्यावी, लॅपटॉपमधील ड्राइव्हला हात न लावता तिच्यावर यंत्र सुरू करावे आणि दोन-तीन तास व्हिडिओ चालवावा. तिथेही लॅपटॉप बंद पडला, तर विंडोज निर्दोष आहे. तिथे तो सुरळीत चालला, तर संशय ड्रायव्हर आणि ड्राइव्ह यांच्यापुरता बराच मर्यादित होतो.

तुमच्या वर्णनातील सर्वांत बोलका तपशील म्हणजे यंत्र भार वाढल्यावरच बंद पडते. अशा वेळी मी आधी उष्णता पाहीन. बहुतेक प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापमान आवरले नाही, तर नुकसान टाळण्यासाठी यंत्र तत्क्षणी बंद होते. तेव्हा पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. तीन वर्षांत पंखा आणि धातूच्या पातळ पात्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर जमतो. तो बाहेरच्या जाळीतून दिसत नाही, त्यामुळे ‘वरून तर स्वच्छ आहे’ या समजुतीत राहू नये. एचडब्ल्यूइन्फोसारखा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून तापमानाची नोंद फाइलमध्ये साठवा, म्हणजे बंद पडण्यापूर्वीचा शेवटचा आकडा हाती लागेल. तो ९५च्या पुढे असेल, तर मागचे झाकण उघडून पंखा साफ करावा, आणि हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो अतिवेगाने फिरून खराब होतो. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेण्यास मदत करणारा लेप) बदलण्याचे काम सवय नसेल तर जाणकाराकडून करून घेतलेले बरे. शेवटचा आकडा साठच्या घरात असेल, तर प्रोसेसरच्या उष्णतेचा विचार सोडून पुढे जावे.

पुढची पायरी विजेची. लॅपटॉप केवळ बॅटरीवर असताना बंद पडतो, केवळ चार्जर लावल्यावर, की दोन्ही वेळा, हे आठवडाभर लिहून ठेवा. जुनी बॅटरी साध्या कामाला पुरते, पण व्हिडिओ कॉलसारख्या कामात विजेची मागणी एकदम वाढली की ती दम तोडते, आणि शिल्लक चाळीस टक्के दिसत असतानाही यंत्र विझते. विंडोजच्या पॉवरसीएफजी या आज्ञेला बॅटरीरिपोर्ट हा पर्याय जोडला की बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी मिळते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा तळ फुगला असेल, तर मात्र सर्व तपासण्या थांबवा. फुगलेली बॅटरी आग धरू शकते; ती चार्ज करू नये, दाबू नये आणि स्वतः उचकटूही नये.

मेमरीची तपासणी एका फेरीत उरकू नका. विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक ठीक आहे, पण मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवणे अधिक भरवशाचे. त्यात एकही चूक निघाली, तरी ती गंभीर मानावी. मेमरीच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून यंत्र वापरून पाहावे. माझ्या स्वतःच्या एका लॅपटॉपमध्ये पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यावर महिन्याभराचा त्रास थांबला होता. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच डाख दिलेली असते. तिथे हा उपाय चालत नाही. ड्राइव्हसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने त्याचा स्मार्ट अहवाल, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या स्थितीची ठेवलेली नोंद, पाहिली की पुरे.

आता मदरबोर्डाविषयी. तो खराब असू शकतो, पण हे निदान इतर भाग निर्दोष ठरल्यावरच करता येते. तुमच्या दुरुस्ती करणाऱ्यांना कोणत्या तपासणीवरून हा निष्कर्ष काढला ते विचारा, आणि संपूर्ण बोर्डाऐवजी त्यावरील केवळ बिघडलेला घटक बदलता येईल का, हेही विचारा. तत्पूर्वी निर्मात्याच्या संकेतस्थळावर आपल्या लॅपटॉपचा अनुक्रमांक टाकून पाहा, कारण एखाद्या मॉडेलमध्ये निर्मितीचाच दोष असल्याचे मान्य झाले, तर वॉरंटीनंतरही मोफत दुरुस्ती मिळू शकते. २०११ ते २०१३ या काळात विकलेल्या काही मॅकबुक प्रोमध्ये ग्राफिक्सच्या दोषामुळे यंत्र अचानक पुन्हा सुरू होत असे आणि ॲपलने २०१५ साली त्यांच्यासाठी अशी योजना जाहीर केली होती. ज्यांनी आधीच स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून घेतली होती, त्यांनाही पैसे परत मागण्याची सोय तिच्यात होती. म्हणून दुरुस्तीची पावती जपून ठेवावी आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा.