तुम्ही ‘हलू नकोस’ म्हणालात, तिनं ऐकलं

*ताई, माझं वय ४१, बायकोचं ३८. लग्नाला १३ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. गेली दोन-तीन वर्षं तिला शरीरसंबंध नकोसे झालेत. आधी थकवा सांगायची, मग डोकेदुखी, आता कारणही सांगत नाही, पाठ करून झोपते. कधी तयार झालीच तर लाकडासारखी पडून राहते. गेल्या चार महिन्यांत तर काहीच नाही. नुसता हात धरला तरी झिडकारते. मला कसलं व्यसन नाही, मी दुसरीकडे कुठे बघत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं की रडते. तिच्यात काही कमतरता असेल का? तिला न कळता देता येईल असं इच्छा वाढवणारं एखादं औषध आहे का?*

*ता. क. माझं फार लवकर होतं, आत गेल्यावर जेमतेम मिनिटभरात. पण ते पहिल्यापासूनच आहे, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध नसावा. सुरुवातीला मी तिला ‘हलू नकोस’ म्हणायचो, म्हणजे जरा टिकायचं. आता त्यावर आम्ही बोलत नाही.*

औषधाचं आधी सांगते, म्हणजे तो विषय मिटेल. नाही. असं औषध नाही, आणि असतं तरी मी नाव सांगितलं नसतं. कुणाला न सांगता त्याच्या पोटात गोळी घालणं ही फसवणूक आहे, आणि तिला आधीचा काही आजार असला, दुसरी काही औषधं चालू असली, तर ती जिवावरही बेतू शकते. जाहिरातीतल्या पुड्या आणि तेलंही नकोत, तिच्यासाठी नकोत आणि तुमच्यासाठीही.

आता पत्राकडे वळते. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचून मला एक खोड लागली आहे, मी पत्र खालून वर वाचते. मुख्य गोष्ट लोक बहुधा ता. क. मध्ये लिहितात, जाता जाता सांगितल्यासारखी. तुमच्या पत्राच्या वरच्या भागात फक्त तुमची बायको आहे, तिचा थकवा, तिची डोकेदुखी, तिची कमतरता. तुम्ही स्वतः पहिल्यांदा भेटता ते सहीच्या खाली. आणि भेटता भेटता म्हणता, ‘त्याचा याच्याशी संबंध नसावा’.

तुमच्या बायकोचं पत्र मला आलेलं नाही. त्यामुळे तिच्या मनात काय आहे हे छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण तुम्हीच लिहिलेल्या गोष्टी एका ओळीत मांडून बघू.

तुमचं मिनिटभरात होतं. त्याची धास्ती तुम्हाला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून असणार. अशी धास्ती असलेला माणूस घाई करतो. फार कुरवाळलं, फार रेंगाळलं, तर सुरू व्हायच्या आधीच संपेल, म्हणून तो थेट मुद्द्यावर येतो. पण बाईच्या शरीराला वेळ लागतो. योनीमार्ग ओलसर होणं, आतून सैलावणं, हे उत्तेजना चढत जाते तसं होतं. त्याच्या आधीच प्रवेश झाला तर घर्षण होतं, जळजळतं, दुखतं. दोन-चारदा दुखलं की पुढच्या वेळी ओटीपोटाखालचे स्नायू आपसूक आवळले जातात, तिनं ठरवलं नसलं तरी. आवळले की आणखी दुखतं.

त्यात तुम्ही सांगितलंत, हलू नकोस. जरा तिच्या जागी जाऊन बघा. अंग तापायला लागलं की थोपवायचं. कंबर हलवायची नाही, आवाज करायचा नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, कारण तिला मजा येतेय हे दिसलं की तुमचं संपतं. तुमचा त्रास लपावा म्हणून तिनं तिचा आनंद दाबला. तेही थोडे दिवस नाही. आता तुम्ही लिहिता की ती लाकडासारखी पडून राहते. अहो, तुम्हीच तसं शिकवलंत, ती शिकली.

हे तुम्हाला बोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, तुम्हालाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

आणि झाल्यावर तुम्ही काय करत होतात? ते पत्रात नाही. बरेच पुरुष अशा वेळी कूस बदलतात, लाजेनं. पण पाठीवर ‘मला लाज वाटतेय’ असं लिहिलेलं नसतं. बाईला ती पाठ ‘माझं काम झालं’ अशीच वाचता येते. आज तिची पाठ तुम्ही कशी वाचता, ते तुमच्या पत्रात दिसतंच आहे.

चक्र उलटंही फिरतं. ती टाळते म्हणून संबंधांत महिनोन्‌महिने खंड पडतो. खंड पडला की उत्तेजना जास्त, धाकधूकही जास्त, आणि तुमचं आणखी लवकर होतं. मग ती आणखी टाळते. म्हणून ‘कमतरता कोणाची’ या तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. लवकर होणं तुमच्या शरीरात सुरू झालं, पण १३ वर्षं ते दोघांनी मिळून सांभाळलं, आणि सांभाळता सांभाळता त्याचं दुसरं टोक तिच्या शरीरात फुटलं.

हे काही माझं शहाणपण नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीनं १९७० साली आपल्या उपचारांचा अनुभव मांडला, तेव्हा त्यांचा मूळ मुद्दा हाच होता, की लैंगिक अडचण असलेल्या जोडप्यात दुसरा जोडीदार बाजूला उभा नसतो, तोही त्यात असतोच. ते एकट्या नवऱ्यावर किंवा एकट्या बायकोवर उपचार करत नसत, जोडप्यावर करत. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, जेम्स सीमन्स या डॉक्टरांनी शीघ्रपतनावर एक साधी पद्धत सांगितली होती. हातानं उत्तेजित करायचं, आता होणार असं वाटायच्या थोडं आधी थांबायचं, भर ओसरला की पुन्हा सुरू. असं काही वेळा थांबत थांबत शेवटी मोकळं व्हायचं. पुरुषाला हे आधी एकट्यानं करून बघता येतं, पण सीमन्सच्या पद्धतीत तो हात बायकोचा होता. लक्षात येतंय ना? तुम्ही तिला निश्चल करून जे साधू पाहत होता, ते तिच्या हलत्या हातानं साधतं.

याचं कारण समजून घ्या. वीर्यपतनाआधी एक क्षण असा येतो की त्यापुढे ते थोपवता येत नाही. त्या क्षणाच्या अलीकडे शरीर खुणा देतं, आणि त्या ओळखायला शिकणं हा सगळा अभ्यास. मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणणारे पुरुष नेमकं उलटं करतात. लक्ष शरीरावरून काढून घेतात आणि खूण हुकते. पाढा पाठ होतो, बाकी काही नाही.

तुमचं एक मिनिट कमी आहे का? हो, आहे. पहिल्यापासून, नेहमी आणि साधारण मिनिटभरात होत असेल, ते रोखता येत नसेल आणि त्याचा मनस्ताप होत असेल, तर डॉक्टर त्याला शीघ्रपतन म्हणतात. पण मनात तासाभराचा आकडा धरून बसू नका. पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांनी घरच्या घरी स्टॉपवॉच लावून घेतलेल्या नोंदी २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. निम्म्या पुरुषांचा वेळ ५.४ मिनिटांच्या आतच होता. सगळ्यात कमी अर्ध्या मिनिटाच्या आसपास, सगळ्यात जास्त ४४ मिनिटं. (घड्याळ बायकांच्या हाती होतं. त्या बिचाऱ्यांना त्या वेळी काय वाटलं असेल, हे कुणी मोजलं की नाही कोण जाणे.) मिनिटं वाढली म्हणजे ती आपोआप सुखावेल असंही समजू नका. पुष्कळ स्त्रियांना नुसत्या प्रवेशानं सुखाचा कळस गाठता येत नाही, त्यांना योनीच्या वर असलेल्या शिश्निकेला स्पर्श लागतो. तो हातानं, तोंडानं देता येतो, तुमचं होण्याआधी आणि झाल्यावरही. तुमचं झालं म्हणजे दिवा मालवायची वेळ झाली, हा नियम तुम्हीच केलेला आहे.

औषधंही आहेत, तुमच्यासाठी. नैराश्यावरची काही औषधं वीर्यपतन लांबवतात. त्याच गटातलं डॅपॉक्सेटिन खास या कामासाठी, संबंधाच्या एक ते तीन तास आधी घेतलं जातं. बधिर करणारी मलमं आणि फवारे मिळतात, पण ते नीट पुसले नाहीत किंवा निरोध वापरला नाही तर बधिरपणा बायकोलाही जातो, आणि तिला आणखी बधिर करण्याची तुम्हाला गरज नाही. यातलं काहीही दुकानातून परस्पर आणू नका. लैंगिक समस्यांच्या किंवा मूत्ररोगाच्या डॉक्टरांना दाखवा. चालू असलेली इतर औषधं, ताठरता नीट राहते का, सगळं सांगा. ताठरता टिकणार नाही या भीतीनंही काही जण घाईत उरकतात, ते डॉक्टरांना कळायला हवं.

तिला डॉक्टरकडे न्यायचंय म्हणता. आधी तुम्ही जा. १३ वर्षांत तुम्ही एकदाही गेला नाहीत आणि तिला मात्र चल म्हणता, म्हणून ती रडत असेल, असं मला फार वाटतं. दुखणं, कोरडेपणा, थायरॉइड, संततिनियमनाच्या किंवा नैराश्यावरच्या गोळ्या, बाळंतपणानंतरचं काही, हे सगळं तिच्या बाजूनं बघण्यासारखं आहेच. दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ लागतील, आवळलेले स्नायू सैल करायला शिकवणारे फिजिओथेरपिस्टही असतात. पण ते तिचं तिनं ठरवायचं.

इच्छेबद्दल एक गोष्ट. इच्छा आधी आणि स्पर्श नंतर, हा क्रम सगळ्यांना लागू नसतो. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टर बाईंनी २००० साली मांडलं, की बऱ्याच स्त्रियांत, विशेषतः जुन्या नात्यात, आधी जवळीक येते, मग शरीर जागं होतं आणि इच्छा त्याच्या मागून येते. पण त्यासाठी मागच्या वेळची आठवण बरी असावी लागते. तिच्याकडे मागच्या वेळच्या कोणत्या आठवणी आहेत?

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की सध्या प्रवेश बंद. निदान काही आठवडे. आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगायचं, नुसतं मनात ठरवून उपयोग नाही. तुम्ही हात धरता तेव्हा ती झिडकारते, कारण तुमच्याकडे हात धरणं ही पहिली पायरी आणि शेवट ठरलेला. पुढे काही नाही हे तिला खरंच पटलं, तर हात हा नुसता हात राहील. मास्टर्स आणि जॉन्सनही सुरुवात अशीच करत. संबंधांना बंदी, आणि एकमेकांना आळीपाळीनं नुसता स्पर्श, तोही आधी स्तन आणि जननेंद्रियं सोडून. काही साधायचं नाही, कुणी कुणाला पास-नापास करायचं नाही. मात्र ती यालाही नको म्हणाली तर नको. ‘कधीतरी तयार होते’ आणि मग निपचित पडून राहते, त्याला होकार धरणं आजपासून सोडा.

यातली कुठलीही गोष्ट बोलल्याशिवाय होणार नाही, आणि बोलायला सुरुवात तुम्हाला करावी लागेल, कारण मौन तुमच्या अडचणीपासून सुरू झालंय. अंथरुणात बोलू नका. दोघं चालत असाल, काही काम करत असाल, समोरासमोर बघावं लागणार नाही अशी वेळ बघा. तिच्या नकारापासून सुरू करू नका, ता. क. पासून करा. ‘माझं लवकर होतं, मला त्याची पहिल्यापासून लाज वाटते. मी तुला हलू नकोस म्हणायचो, ते माझं चुकलं. मी डॉक्टरकडे जाणार आहे.’ एवढंच. त्याला ‘पण तूसुद्धा’ असं शेपूट जोडलंत तर सगळं मुसळ केरात.

ती लगेच गळ्यात पडेल असं नाही. चिडेल कदाचित. गप्प बसेल. कदाचित म्हणेल, ‘मला माहीत होतं’, आणि तुम्हाला वाटेल, मग इतकी वर्षं बोलली का नाही. तो प्रश्न गिळा. त्याऐवजी विचारा, ‘तुला दुखायचं का?’ आणि ती सांगायला लागली तर मधे बोलू नका, कितीही वेळ लागला तरी.