आल्याच्या रसातले 'एक्झोसोम' आणि लायपोसोम: भांडण वाटतं तेवढं मोठं नाही

प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रकल्पात आल्याच्या रसातून एक्झोसोम (पेशी बाहेर सोडते त्या अतिसूक्ष्म पिशव्या) वेगळे करायचे, त्यात कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) भरायचं आणि आतड्याच्या पेशींवर तपासायचं असं तुमच्या मनात आहे. मार्गदर्शक म्हणतात, सरळ लायपोसोम, म्हणजे मेदापासून प्रयोगशाळेत बनवलेले पोकळ गोळे, करा. तुमचं म्हणणं, निसर्गाने वाहक तयार करून दिला असताना कृत्रिम कशाला?

मी मूळचा लायपोसोमवाला. मधली चार वर्षं या वनस्पतींच्या पुटिकांमागे, म्हणजे पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्यांमागे, घालवली आहेत. विषय जरूर घ्या, पण 'एक्झोसोम' हा शब्द शीर्षकातून आजच काढून टाका.

एक्झोसोम म्हणजे जिवंत पेशीने आत तयार करून स्वतःहून बाहेर सोडलेली पुटिका. तुम्ही आलं मिक्सरमध्ये घालता तेव्हा पेशी फुटतात आणि आतली सगळी पटलं चिंध्या होऊन रसात येतात. मेदाचं पटल पाण्यात उघड्या कडांनी राहत नाही, कडा जुळवून ते गोल होतं. म्हणजे तुमच्या नळीतल्या कित्येक पुटिका वनस्पतीने नव्हे, मिक्सरने केलेल्या असतात. खऱ्या बाहेर सोडलेल्या हव्या असतील तर पानं बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बुडवून निर्वात द्यायचा, म्हणजे बफर पेशींमधल्या फटींत शिरतो. मग पेशी न फोडता, सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हळू फिरवून तो परत काढायचा. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपाच्या पानांतून २०१७ मध्ये याच पद्धतीने पुटिका वेगळ्या केल्या गेल्या. पुढच्याच वर्षी असं दिसलं की हे रोप पुटिकांमधून छोटे आरएनए (जनुकांचं काम थांबवू शकणारे रेणू) बोट्रायटिस बुरशीत पोचवतं आणि तिची रोग पसरवणारी जनुकं दडपतं. 'निसर्गाचा वाहक' म्हणायचा तर तो हा. फक्त त्याचा पत्ता बुरशीचा आहे, आपल्या आतड्याचा नाही. शिवाय या पद्धतीने हाती इतकं थोडं लागतं की औषध भरायचा विचारच सोडावा लागतो.

मग रसातल्या पुटिका निरुपयोगी का? मुळीच नाही. २०१६ मध्ये जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या दिदिए मेर्लिन यांच्या गटाने आल्यातले साधारण २३० नॅनोमीटरचे कण, म्हणजे अशाच पुटिका, उंदरांना तोंडावाटे दिले आणि मोठ्या आतड्याची सूज उतरली. त्याआधी, २०१३ मध्ये, लुईव्हिल विद्यापीठातल्या गटाने ग्रेपफ्रूटच्या कणांतला फक्त मेद विरघळवून घेतला, बाकीचं टाकून दिलं, मेदाचा पातळ थर वाळवला, पाण्याने पुन्हा फुलवला आणि त्यातून उंदरांत औषधं आणि आरएनए पोचवले. ही कृती पुन्हा वाचा. मेदाचा थर वाळवून फुलवणं म्हणजे लायपोसोमच की! फरक एवढाच की मेद ग्रेपफ्रूटचा. तुम्ही आणि तुमचे मार्गदर्शक ज्यावरून अडून बसला आहात ते अंतर मुळात एवढंच आहे.

तरीही मेदातला फरक क्षुल्लक नाही. वनस्पतींच्या पटलांत कोलेस्टेरॉलऐवजी फायटोस्टेरॉल (त्याचे वनस्पतींतले भाऊबंद) असतात, साखर जोडलेले गॅलॅक्टोलिपिड असतात, आणि आल्याच्या कणांत फॉस्फॅटिडिक आम्ल हा मेद भरपूर सापडतो. २०१८ मध्ये लुईव्हिलच्याच गटाने दाखवलं की आतड्यातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आल्याचे कण आवडीने उचलतात आणि त्याचं कारण हे फॉस्फॅटिडिक आम्ल. तोंडावाटे द्यायच्या औषधासाठी हा धागा मला सगळ्यात आशादायक वाटतो.

आता माझी फजिती सांगतो. रसाला आधी कमी वेगाने फिरवून चोथा आणि स्टार्च काढला, मग गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट जोराने (एक लाख जी). तळाशी फिकट पिवळी, चिकट गोळी बसली. पिपेटने कितीही ढवळली तरी दोरे सुटत होते. तो चिकटपणा पेक्टिनचा. पुढे सुक्रोजचे ८, ३०, ४५ आणि ६० टक्क्यांचे थर लावले, थरांच्या सीमेवर दुधाळ पट्टे दिसले, ते काढून पीकेएच या पटलात मुरणाऱ्या चमकत्या रंगाने रंगवले आणि पेशींवर टाकले. पेशी लालभडक! सगळी प्रयोगशाळा बघायला आली. सहा महिन्यांनी एका कनिष्ठ सहकाऱ्याने साधा प्रश्न विचारला: नुसता रंग टाकून पाहिलाय का? नुसत्या बफरमध्ये तोच रंग, तेच फिरवणं, तीच धुलाई. पेशी तितक्याच लाल. पीकेएचचे रेणू एकत्र येऊन स्वतःच पुटिकांच्या मापाचे कण करतात आणि तेच पेशींत शिरतात. माझी सहा महिन्यांची चित्रं कचऱ्यात गेली.

कर्क्युमिनमध्ये हाच खड्डा जास्त खोल आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्वतः चमकतं आणि त्याचे गुठळलेले कण पुटिकांबरोबर तळाशी बसतात. मग 'नव्वद टक्के औषध भरलं गेलं' असं आपण लिहितो आणि मोजलेला असतो गाळ. शिवाय ते पाण्यात पटकन विघटित होतं आणि बऱ्याच चाचण्यांत खोटा होकार देतं. औषध बदलता आलं तर बदला. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध आल्याच्या मेदात आधी भरलं गेलंय, तुलनेला आधार मिळेल. तेही चमकतं, पण पाण्यात विरघळत असल्याने न भरलेला भाग वेगळा करता येतो.

प्रयोग मी असा मांडेन: एका बाजूला रसातले कण, दुसरीकडे त्याच कणांचा मेद काढून केलेले लायपोसोम, आणि तिसरीकडे फॉस्फॅटिडिलकोलीन-कोलेस्टेरॉलचे नेहमीचे लायपोसोम. तिन्हींत औषधाची मात्रा सारखी. पहिला गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला तर मेदाखेरीज काहीतरी, प्रथिनं किंवा आरएनए, काम करतंय. दोन्ही सारखे निघाले तर मेदच पुरेसा. उत्तर काहीही येवो, प्रबंध उभा राहतो आणि मार्गदर्शकांचे लायपोसोमही त्यात आपोआप येतात.

'नैसर्गिक म्हणून सुरक्षित' हे वाक्य प्रस्तावात घालू नका. आलं खाल्लेलं चालतं म्हणून त्याचे कण शिरेतून दिलेले चालतीलच असं नाही. आणि ताजं आलं आणि महिनाभर पडून सुकलेलं आलं यांचे कण सारखे निघत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. लुईव्हिलमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी वनस्पतींच्या कणांतून कर्क्युमिन देण्याची मानवी चाचणी २०११ मध्येच नोंदवली गेली, पण या वाटेने बाजारात आलेलं औषध अजून नाही. लायपोसोममधल्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ मध्ये परवानगी मिळाली होती. तुमच्या मार्गदर्शकांचा आग्रह त्यातून आला असावा.

कण काढलेत की त्याच दिवशी छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका. आकार गोठवण्याआधी आणि वितळवल्यावर, दोन्ही वेळा मोजा. पहिली मापं आली की इथेच टाका, पाहतो.