पहिल्या धारेचं एवढं काय कौतुक?

प्रश्न : दादा, माझा मावसभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा बॅगेत कपड्यांत गुंडाळून एक काचेची बरणी घेऊन आला, मुरांब्याची वाटावी अशी, आणि आत पाण्यासारखी पांढरी मक्याची व्हिस्की. दोन घोट घेतले तर कानातून वाफ निघाली, चव म्हणाल तर कच्चं मक्याचं पीठ. तो म्हणतो तिकडे गावाकडे लोक घरीच करतात. माझ्याकडे पाच लिटरचा कुकर आहे आणि बायको पुढच्या आठवड्यात माहेरी चाललीय. घरी पहिल्या धारेची काढली तर चव चांगली यायला काय काय करायचं? आणि या बरणीचं काय करू?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : आधी कुकर जागेवर ठेवा. नाक मुरडून सांगत नाहीये, मलाही त्या विषयाची खाज आहेच, पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं हा सरळ गुन्हा आहे, मग ती नवसागर टाकलेली हातभट्टी असो नाहीतर तुमची मक्याची फॉरेन स्टाइल, एक्साइजवाल्यांना दोन्ही सारखीच. मावसभावालाही सांगा, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर-वाइन करायची सूट मिळाली ती बिअर-वाइनचीच, गाळायची नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गॅस आहेच. चाळीस टक्क्यांच्या दारूची वाफ साधारण २६ डिग्रीला पेट घेऊ शकते, म्हणजे मुंबईत जवळजवळ वर्षभर, आणि तुमच्या वन बीएचकेच्या किचनमध्ये कुकरच्या रबरातून सुटलेली वाफ आणि शेगडीची ज्योत यांच्यात अंतर किती, तर एक वीत. बायको माहेराहून परत येईल ती किचन शोधत येईल.

आता चवीचं, कारण प्रश्न खरंच चांगला आहे आणि त्यातच एक मोठा गैरसमज दडलाय.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे एकदम अस्सल, असं आपण माणसाबद्दल पण बोलतो. धार पहिली म्हणजे कडक, कडक म्हणजे चांगली, हे गणित हातभट्टीच्या काळापासून डोक्यात बसलंय. पण व्हिस्की करणारे नेमकं उलटं करतात. भट्टी तापली की आधी जे हलकं ते उडतं. अॅसिटाल्डिहाइड तर विसेक डिग्रीला उकळतं, इथाइल अॅसिटेट ७७ ला, आणि दारू स्वतः ७८ च्या थोडी वर. म्हणून पहिली धार नाकाशी धरली तर नेलपॉलिशचा वास येतो, आणि ती बाजूला काढतात. शेवटी शेवटी जी धार येते तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या कुत्र्याचा वास, ती पण बाजूला. ठेवायची ती मधली. भट्टीवाल्याची अक्कल कळते ती कुठे थांबायचं यात, आणि मीटर लावून पण ते शेवटी नाकानेच ठरतं. लोभाने दोन वाट्या जास्त ठेवल्या की तुमच्या भावाच्या बरणीसारखी कानातून वाफ.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो कारण लोक याची गल्लत करतात. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, ती पहिली धार प्यायल्यामुळे नाही, त्यात मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरतात ते विषारी स्पिरिट, होतं. धान्य आंबवून मिथेनॉल फारच थोडं तयार होतं, पण बाहेरून ओतलेलं स्पिरिट नाकाला, जिभेला ओळखू येत नाही आणि शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होऊन डोळ्याची नस जाते. ‘पहिली धार फेकली म्हणजे सेफ’ हा समज तेवढ्यासाठी डोक्यातून काढा. कोणी कुठली तरी दारू प्यायला आणि नंतर धुरकट दिसतंय म्हणाला तर सकाळची वाट बघू नका, तसाच हॉस्पिटलला न्या.

बाकी चव तर भट्टीच्या आधीच ठरलेली असते. मक्यात साखर जवळजवळ नाही, सगळा स्टार्च, म्हणून आधी भरड्याची दाट पेज शिजवायची, ती जरा निवून पासष्टच्या आसपास आली की मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, घालायचं, मग तासाभरात त्या घट्ट पेजेची पातळ गोड कांजी होते. हे मी एका मोठ्या डिस्टिलरीच्या टूरमध्ये डोळ्याने बघितलंय, चमचा उभा राहील अशी पेज आणि थोड्या वेळाने चमचा आडवा. एवढा खटाटोप नको म्हणून घरगुतीवाले सरळ साखर ओततात, आपल्याकडे काळा गूळ. दारू भरपूर निघते पण मका कुठे गेला ते विचारू नका. दुसरं, यीस्टला उकाडा सोसत नाही. बाहेर ३४ डिग्री आणि आंबताना ते पिंप स्वतः पण तापतं, मग जड, खरखरीत अल्कोहोलं वाढतात आणि तीच घशाला लागतात. मुंबईच्या मे महिन्यात तुम्ही कितीही पहिल्या प्रतीचा मका आणला असता तरी इथेच मार खाल्ला असता. तिसरं तांबं. भट्टी तांब्याची असते ती शोभेला नाही, आंबवताना तयार झालेले कोबीसारखे, सडक्या अंड्यासारखे वास तांबं धरून ठेवतं. कुकर अॅल्युमिनियमचा नाहीतर स्टीलचा, तो काय धरणार.

आता बरणी. ती बिघडलेली नाहीये हो, कोवळी आहे. अमेरिकन नियमाप्रमाणे कॉर्न व्हिस्कीत निदान ८० टक्के मका लागतो आणि तिला पिंपात मुरवलीच पाहिजे असं नाही, मुरवली तर जुन्या नाहीतर न जाळलेल्या ओकच्या पिंपात. बर्बन ही अमेरिकेचीच दुसरी व्हिस्की, तिला मका ५१ टक्के पुरे पण पिंप नवं कोरं आणि आतून जाळलेलं हवं. तो रंग, ती व्हॅनिला, ती कॅरॅमलची झाक सगळी त्या जळलेल्या लाकडाची. म्हणजे तुमच्या बरणीला लाकूड माहीतच नाही, ते तुम्ही दाखवा. टोस्ट केलेले ओकचे तुकडे ऑनलाइन मिळतात, वाइन करणाऱ्यांसाठी असतात ते. पाऊण लिटरला दोन-तीन ग्रॅम पुरे, स्वच्छ काचेच्या बाटलीत टाकून अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि तिसऱ्या दिवसापासून रोज एक चमचा चाखा. रोज म्हणजे रोज, कारण इथल्या उकाड्यात लाकूड भराभर उतरतं आणि एकदा चहाच्या चोथ्यासारखं तुरट झालं की परत येत नाही. रंग बघून थांबू नका, जीभ बघून थांबा, मग लाकूड काढून टाका आणि बाटली महिनाभर विसरून जा.

हे खरं मुरवणं नाही हेही सांगून ठेवतो. पिंपातून दारू उडते, हवा आत जाते, त्या येण्याजाण्यातून जे होतं ते बाटलीत होत नाही. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनेक टक्के उडते, आपल्या बंगळुरूच्या अमृत व्हिस्कीवाल्यांची दहा टक्क्यांच्या आसपास, धंद्यात त्याला एंजल्स शेअर म्हणतात. म्हणून आपल्याकडची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली नुसत्या माल्टची व्हिस्की, चार-पाच वर्षांत तयार होते आणि तिकडची बारा वर्षांची वाट बघते.

पिताना पाणी घाला, लाजू नका, उकळून गार केलेलं घाला म्हणजे नळाचा क्लोरीनचा वास मधे येणार नाही. चमचा-चमचा वाढवत गेलात की एका ठिकाणी भाजल्या कणसाचा वास वर येतो. तिथे थांबा.

प्रश्न : तुम्ही ओक-ओक करता पण आमच्या चाळीत सुतार सागवानाचं काम करतोय, त्याच्याकडचे तुकडे गॅसवर भाजून बाटलीत टाकले तर? लाकूड ते लाकूड.
– गिरगाव

उत्तर : नको. सागवान तेलकट लाकूड, म्हणून तर पावसात टिकतं आणि होड्यांना चालतं, ते तेल तुम्हाला पोटात हवंय का? शिवाय सुताराकडच्या तुकड्याला वाळवीचं औषध, फेविकॉल, पॉलिश काय काय लागलंय ते त्यालाही सांगता येणार नाही. ओकच का, तर त्यातला लिग्निन भाजला की व्हॅनिलिन सुटतं, तेच जे व्हॅनिला आइस्क्रीममध्ये असतं, आणि त्यातले लॅक्टोन खोबऱ्यासारखे लागतात. गिरगावकराला खोबऱ्याचं महत्त्व मी सांगायला नको. दहा ग्रॅमचं पाकीट आणा, सुताराला काम करू द्या.

प्रश्न : भाऊ, आमच्या मिस्टरांनी कुठेतरी वाचून व्हिस्कीच्या बाटलीत ओल्या मक्याचे दाणे टाकून ठेवलेत, आज नववा दिवस, पाणी गढूळ झालंय आणि वरचे दोन दाणे हिरवट दिसतात. फेकू का? ते हात लावू देत नाहीत.
– मुलुंड

उत्तर : फेका, वहिनी. बुडालेल्या दाण्याला दारू सांभाळते पण वर तरंगणारा दाणा हवेत असतो, त्याला बुरशी लागणारच, आणि ओल्या दाण्यातलं पाणी-स्टार्च उतरून बाकीची पण पातळ आणि गढूळ. मिस्टरांची कल्पना वाईट नव्हती, वस्तू चुकली. मक्याचा वास हवा तर लाह्या घ्या, पॉपकॉर्न, पण घरी कोरड्या भांड्यात फोडलेले, तेल-मीठ काही नाही. पॉपकॉर्नला जो वास येतो तोच रेणू बासमतीत आणि आपल्या आंबेमोहोरात असतो, २-अॅसिटिल-१-पायरोलिन असलं लांबलचक नाव आहे त्याचं. वाटीभर लाह्या, त्या बुडतील एवढी व्हिस्की, तासाभरात गाळायची, आधी फडक्यातून मग कॉफीच्या फिल्टरमधून. लाह्या बरीच पिऊन टाकतात, तेवढं नुकसान धरायचं.

मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा थिएटरमधून उरलेले बटरवाले आणले होते, फुकट कशाला घालवा म्हणून. सकाळी बाटलीत पिवळा तवंग, फ्रीजमध्ये ठेवली तर वर साय धरली, आणि चव खारी. घरात अजून त्याला ‘तुझं ते सूप’ म्हणतात.

प्रश्न : घरी बसून प्यायला खरंच परमिट लागतं का? वय २३.
– दादर

उत्तर : महाराष्ट्रात लागतं, आणि व्हिस्कीला वय २५, बिअर-वाइनला २१. म्हणजे तुम्हाला परमिटच्याही आधी दोन वर्षं आहेत, तोवर शिवाजी पार्कला भाजलेलं कणीस खा, लिंबू जरा जास्त चोळायला सांगा.