भाऊ पारावर एक बोलला, घरी वागते दुसरंच

प्रश्न: नमस्कार सर, मी आर्वी तालुक्यातली, बी.ए. फायनलला आहे. प्रोजेक्टसाठी सुट्टीवर आलेल्या सहा फौजींना पारावर गाठून विचारलं, बाईनं फौजेत जावं का घर सांभाळावं? सहाही म्हणे घर सांभाळावं. त्यात माहा सख्खा भाऊ! अन् हाच माणूस सकाळी वहिनीच्या हातातली परात घेऊन कणीक मळत होता, मलेच म्हणते भरतीचा फॉर्म भर. मंग सर्व्हे फेल गेला का?

उत्तर: फेल नाही गेला ताई, जागा चुकली. पारावर कोण कोण बसलं होतं आठव बरं, काका, शाळेतले दोस्त, दोन-चार म्हातारे, आणि पहिला फौजी जे बोलला तेच बाकी पाच बोलले असतील, पैज लावतो. चारचौघात "मी कणीक मळतो" म्हणणारा गडी मी तरी अजून पाहिला नाही. बराकीतही तेच, बाकीचे हसतील हे आधी डोक्यात येतं. भावाला ढोंगी म्हणू नको.

आणि संगतीनं नुसतं उत्तरच नाही, मतही हलतं. नॉर्वेच्या सैन्यात रंगरूटांच्या तुकड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पाडल्या, काहीत पोरी, काहीत नुसते पोरं, आठ आठवडे राहणं-ट्रेनिंग सोबतच. पोरींसोबत राहिलेल्यांत, मिक्स तुकडी कुठंच कमी पडत नाही म्हणणारे दुसऱ्यांपेक्षा 14 टक्के पॉइंटनं जास्त निघाले, घरकाम निम्मं-निम्मं म्हणणारे 8 नं. तुकड्या सुटल्या, सहा महिन्यांनी परत विचारलं तर फरक गायब!

आपल्याकडं 2020 मध्ये सरकारनं सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं की जवान बहुतेक खेड्यातले, बाई अधिकाऱ्याचा हुकूम ऐकायची त्यांच्या मनाची तयारी नाही. कोर्टानं ते उडवून लावलं, बायकांना परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकाऱ्याची नोकरी, द्या म्हटलं. मला तेव्हाच वाटलं, त्या जवानाले कोणी विचारलं बाप्पा, अन् कुठं, साहेबापुढं का?

तर परत विचार. नाव नको, नुसती टिक, चिठ्ठी घडी करून डब्यात, आणि तू तिथं उभी राहू नको, पोरगी विचारते म्हटल्यावर काही जण मुद्दाम गोड लिहितात. "बाईनं काय करावं" पेक्षा "या सुट्टीत भांडी किती वेळा घासली" असं विचारलं तर फेकायला जागा कमी राहते. पाराचे उत्तरं टाकून नको देऊ, दोन्ही शेजारी-शेजारी लाव, तुझा प्रोजेक्ट तोच आहे. आणि भांड्याच्या प्रश्नाची एक चिठ्ठी वहिनीलाही दे.